माठातल्या पाण्यात धुतलेला रोल

मे महिन्यात नागपूरला फोटो काढायला जायचं आणि फिल्मचा रोल तिथेच धुवायचा, म्हणजे डेव्हलप करायचा, हा हट्ट माझाच. पुण्यात घरी हे काम अंगवळणी पडलंय. पाणी २० अंशांवर आणायचं, डी-७६ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक, एचपी५ या फिल्मला ११ मिनिटं. पण घरी येऊन रोल धुतला की चुका कळतात तेव्हा गाव मागे राहिलेलं असतं.

धरमपेठेत मावशीकडे दुपारी नळाखाली थर्मामीटर धरला, तर पारा ४१वर! डेव्हलपरची पावडर विरघळायला ५०-५५ अंशांचं पाणी लागतं, तेव्हा गच्चीवरच्या टाकीनं निम्मं काम फुकटात केलं म्हणायचं. पुढचं काय? एवढ्या उष्ण पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडतं, नखाचासुद्धा ओरखडा उठतो.

उपाय ओट्यावरच होता, माठ. नागपूरच्या कोरड्या हवेत माठ झकास पाझरतो. त्याचं पाणी २६ भरलं, दोन बर्फाचे खडे टाकून २४वर आणलं. २४ला ११ मिनिटांची साधारण आठ होतात. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डेव्हलपिंग डागाळ होतं, म्हणून जीव थंड पाण्यात अडकलेला.

"बाप्पा! प्यायच्या पाण्यात हे काय करून राहिला रे तू?" मावशी दारात उभी.

फिल्म रिळावर चढवणं मात्र पहाटे पाचला उरकलं होतं. दुपारी चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालून काम करायच्या काळोख्या पिशवीत, हाताला घाम सुटतो आणि ओलसर फिल्म रिळात अडकून बसते. फिक्सरनंतर, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणानंतर, वाहत्या नळाखाली धुणं शक्यच नव्हतं. फिल्मची डेव्हलपिंग टाकी माठाच्या पाण्यानं तीनदा भरली आणि ५, १०, २० वेळा उलटसुलट केली. लिटरभरात भागलं. वाळायला अर्धा तासही लागला नाही. फिल्म सुरळीसारखी वळली, ते वेगळं. कूलरसमोर टांगायचा मोह टाळला, धूळ सगळी ओल्या फिल्मवरच येऊन बसते.

निगेटिव्ह खिडकीसमोर धरली. झीरो माइल या नागपुरातल्या स्मारकाचे चारही घोडे पारदर्शक, म्हणजे प्रकाश कमी पडलेला! भर दुपारच्या आकाशाला प्रकाश मोजणारं मीटर भुललं होतं. दुसऱ्या दिवशी सहालाच तिथे गेलो, घोड्यांच्या सावलीतल्या बाजूवर मीटर धरलं आणि मग तर्री पोहे.

तो दुसरा रोल मात्र पुण्याला आणून धुतला. मावशीकडे पुन्हा माठ मागायची हिंमत झाली नाही.