पाहून राहिली

नात आठ दिवसांची असताना शेजारच्या काकू पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "कशी टुकूटुकू पाहून राहिली व माय!" आमचे जावई पुण्याचे. ते हसत म्हणाले, "काकू, इतक्यात ती कुठली बघायला!" काकूंनी जावयांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी चहाचा कप उचलला आणि गॅलरीत गेले.

मी सासरा, मधे बोललो नाही. पण मनातून काकूंच्या बाजूनं होतो, कारण मला रोज अनुभव येत होता. पोरगी माझ्याकडे एकटक पाहायची. आजी 'छकुली, छकुली' करून घसा कोरडा करायची, मामा चुटक्या वाजवून दमायचा, आणि ही सगळ्यांना सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. रक्ताची ओढ, दुसरं काय, असं मी दोन-चार जणांना सांगूनही टाकलं. सांगायला नको होतं.

लसीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, तिला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच त्यातल्या त्यात बरं दिसतं. पलीकडे सगळं धूसर." म्हणजे वीतभर, फार तर सव्वा वीत. अंगावर पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. नेत्रपटलाच्या मध्यभागी बारीक तपशील टिपणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या जन्मतः आखूड, जाडसर आणि विरळ असतात, आणि जे टिपलं जातं त्याचा अर्थ लावणारा मेंदूही नवशिका. त्यामुळे पहिला महिनाभर बाळाला चेहऱ्यातलं नाक-डोळे फारसे खुणावत नाहीत. नजर जाते ती कडांकडे. जिथे गडद आणि फिकं एकमेकांना भिडतं तिथे: केसांची रेघ, हनुवटीची कड.

"आणि तुमचा चष्मा," बाई म्हणाल्या.

माझा चष्मा जाड काळ्या फ्रेमचा. चेहरा गोरा, डोक्यावर केस बेताचे. म्हणजे पोरीला दिसत होत्या दोन काळ्या चौकटी, आणि मी इकडे रक्ताची ओढ घेऊन बसलेला. घरी येईपर्यंत रिक्षात कोणी काही बोललं नाही. बायको तेवढी खिडकीबाहेर पाहत हसत होती.

मग माझ्या लक्षात आलं की चष्म्यालाही प्रतिस्पर्धी आहे. जून सरत आला तरी नागपुरात कूलर निघत नाही. आमच्या कूलरच्या तोंडावर काळ्या आडव्या पट्ट्या आहेत. वारा अंगावर नको म्हणून तो कोपऱ्याकडे वळवून ठेवलेला, तरी पोरगी मान तिकडेच टाकायची. पाहुण्यांनी आणलेले फिक्या गुलाबी, फिक्या आकाशी रंगांचे ससे-अस्वलं उशाला नुसते पडून. रॉबर्ट फँट्झ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं यावरच काम केलं होतं. बाळाला उताणं निजवून वर दोन चित्रं धरायची आणि भोकातून पाहायचं, बाळाच्या बुबुळावर कुठल्या चित्राचं प्रतिबिंब जास्त वेळ टिकतं. कोऱ्या, सपाट चित्रापेक्षा रेघा, चौकटी, चेहऱ्यासारखी आकृती बाळं जास्त वेळ पाहतात, हे त्यानं 1961 च्या सुमारास मांडलं. बोलता न येणाऱ्याला प्रश्न विचारायची ही युक्ती मला फार आवडली. आमच्या घरी भोकाची गरज नव्हती, कूलर होता.

मधे एक घाबरण्याचा कार्यक्रम झाला. एक डोळा नाकाकडे, दुसरा भलतीकडे. आजीनं देवाला नारळ बोलला. पहिले तीन-चार महिने दोन्ही डोळ्यांचा मेळ अधूनमधून सुटतो, त्यात काही विशेष नाही. मात्र डोळा कायम तिरळाच राहिला, किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर त्याच दिवशी दाखवायचं, असं बाईंनी बजावलं. काजळालाही मनाई, त्यात शिसं असू शकतं. आजीनं ते ऐकलं, पण तळपायाला एवढी मोठी तीट लावली की दृष्टच काय, चालती माणसंही दचकावीत.

दीड महिन्याची झाल्यावर हसू आलं. दोन महिन्यांच्या आसपास नजर कडांवरून आत सरकली, थेट डोळ्यांत. लाल-हिरव्यातला फरकही याच सुमाराला कळू लागतो. निळ्या-पिवळ्याचं खातं त्यानंतर उघडतं. म्हणून तान्ह्या पोळ्याला मारबतीची, म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, एक काळी आणि एक पिवळी, मिरवणूक आमच्या इतवारीतून निघाली, तेव्हा मी तिला गॅलरीत घेऊन उभा राहिलो. काळी मारबत दिसेल, पिवळी बहुधा पुढच्या वर्षी, असा माझा हिशेब. खाली रस्ताभर "घेऊन जा गे मारबत"चा गजर, पोरांचा धिंगाणा, आणि ही बया गॅलरीच्या गजांवर नजर खिळवून शांत. दोन्ही मारबती गेल्या. गज होते तिथेच होते.

जावई शनिवारी आले की विचारतात, "आता बघते ना?" मी म्हणतो, "पाहून राहिली." त्यांना ते नुसतं नागपुरी वाटतं. पण काम चालू आहे, संपलेलं नाही, हे आमच्या क्रियापदात जसं बसतं तसं त्यांच्या 'बघते'मध्ये कुठे बसतंय!

परवा दुपारी घर झोपलेलं होतं. मी चष्मा काढला. माझा नंबर मायनस पाच. चष्म्याविना मलाही स्पष्ट दिसतं ते वीतभरच. म्हटलं, आता आपण दोघं एका पंगतीत. वाकून चेहरा तिच्यासमोर नेला. काळ्या चौकटी नाहीत, काही नाही, नुसता आजोबा. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग डोळ्यांत पाहिलं. ओठ हलले, आता हसणार, एवढ्यात तिची स्वतःचीच मूठ मधे आली. तिनं ती डोळ्यांपुढे धरली, थोडी फिरवली, पुन्हा फिरवली. अशी वस्तू घरात आहे हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

पाच मिनिटं वाट पाहिली. मग चष्मा लावला आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.