आमची वाटचाल : कल्पनेतील चिलखत अंगावर चढेपर्यंत

काल्पनिक जगांतील चिलखते व शस्त्रे यांचे आराखडे करणे आणि ती डिजिटल माध्यमात रंगवणे, एवढेच काम आमचा छोटा स्टुडिओ करतो. निसर्गदृश्ये, इमारती किंवा व्यक्तिचित्रे यांसाठी विचारणा झाली तरी ती कामे आम्ही सहसा घेत नाही. हा हट्ट आरंभापासूनचा नाही. सुरुवातीला मी एकटाच होतो आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांची मिळतील ती कामे करीत होतो. तेथे योद्ध्याचे चिलखत झळाळले आणि मुद्रा करारी दिसली की काम मंजूर होत असे. ते चिलखत त्याने अंगात घातले कसे, असा प्रश्न कोणी विचारत नसे.

व्हिडिओ गेमची कामे येऊ लागली तेव्हा हा प्रश्न रोजचा झाला. गेममध्ये आमचे चित्र प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही. त्यावरून त्रिमितीय प्रतिकृती घडवणारा मॉडेलर आणि तिला हालचाल देणारा ॲनिमेटर हेच आमचे खरे ग्राहक असतात. हात वर केल्यावर खांद्याचा पत्रा शिरस्त्राणावर आदळेल का, छातीचा पत्रा पाठीच्या पत्र्याला कोठे जोडला आहे, तलवार उपसताना म्यानाचे तोंड कोणत्या दिशेला राहील, अशी त्यांची विचारणा असते. या प्रश्नांची उत्तरे रंगपेटीत सापडत नाहीत. ती खऱ्या चिलखतांत शोधावी लागतात, आणि त्या शोधातूनच आमच्या कामाला शिस्त लागली.

पंधराव्या शतकातील युरोपीय पोलादी चिलखताचे वजन साधारणपणे १५ ते २५ किलोग्रॅम असे आणि ते सर्वांगावर विभागलेले असल्याने ते घालून धावता येत असे, घोड्यावरही चढता येत असे. ही लवचीकता जोडणीतून येते. कोपर, गुडघा व बोटे येथील अरुंद पत्रे एकमेकांवर चढवून आतल्या चामडी पट्ट्यांना रिवेटने बसवलेले असतात. काही ठिकाणी रिवेटसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवतात, म्हणजे पत्रा थोडा सरकू शकतो. काखेसारख्या भागांवर पत्रा बसवणे अवघड असल्याने तेथे कड्यांची जाळी येते. छातीचा पत्रा जाड आणि हातापायांचे पत्रे पातळ, हेही ठरलेलेच. स्त्री योद्ध्याच्या चिलखतावर स्तनांचे दोन वेगळे उंचवटे काढून द्या, ही मागणी आम्ही शक्यतो अमान्य करतो. त्या उंचवट्यांमधील खोलगट भाग शत्रूचा घाव बाजूला घसरवण्याऐवजी थेट उरोस्थीवर आणतो. मधोमध उभी धार असलेला फुगीर पत्रा तोच घाव परतवतो आणि, माझ्या मते, दिसतोही अधिक रुबाबदार.

संदर्भांसाठी आम्ही संग्रहालयांवर अवलंबून आहोत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या संग्रहातील स्वामित्वहक्कमुक्त वस्तूंची छायाचित्रे विनाअट वापरण्यास खुली केली, आणि आमच्यासारख्या तुटपुंज्या भांडवलाच्या व्यवसायाला त्याचा मोठा आधार झाला. लंडनचे वॉलेस कलेक्शन आणि लीड्सचे रॉयल आर्मरीज येथील संग्रहही आमच्या नेहमीच्या अभ्यासात असतात.

शस्त्रांच्या बाबतीत ग्राहकाची पहिली मागणी बहुधा ‘आणखी मोठे’ अशी असते. एका हाताने चालवायची खरी तलवार बहुतांशी दीड किलोग्रॅमच्या आत असते, हे सांगितल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. पात्यावरील लांब पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हीही अशीच एक पक्की गैरसमजूत. पात्याचा ताठपणा राखून वजन कमी करणे हे तिचे काम. काल्पनिक जगात मोठी तलवार चालते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र मूठ पाहून वार कसा होणार हे कळले पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. हिंदुस्थानी तलवारीच्या मुठीच्या टोकाला असलेली चकती मनगटाला अडवते, त्यामुळे वार ओढून कापण्याचा होतो. कट्यारीची मूठ आडवी असल्याने मुठीतला सगळा जोर सरळ टोकात उतरतो. आमच्या प्रत्येक शस्त्राच्या आराखड्यासोबत आता पकडीचे वेगळे रेखाटन जाते.

रंगकामाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवे चित्रकार येथेच अडखळतात. ते पोलाद करड्या रंगाने रंगवतात आणि वर पांढरे ठिपके देतात. घासून चकचकीत केलेल्या पोलादाला असा स्वतःचा रंग दिसतच नाही. ते आरशासारखे भोवतालचे दृश्य परत दाखवते. म्हणून आम्ही छातीचा पत्रा रंगवण्याआधी तो योद्धा कोठे उभा आहे हे ठरवतो. मोकळ्या जागेत वर वळलेल्या भागावर आकाश उतरते, खाली वळलेल्या भागावर जमीन, आणि दोहोंच्या मध्ये क्षितिजाची गडद, जवळजवळ तीक्ष्ण कडा येते. ही एक कडा योग्य जागी पडली की पत्रा धातूचा वाटू लागतो. सोने व तांबे यांची चमकही त्यांच्याच रंगाची असते. चामड्यावरील आणि वार्निशावरील चमक मात्र प्रकाशाचा रंग घेते. ओरखडे, गंज व पोचे शेवटी, वेगळ्या लेयरवर आणि हात राखून.

छपाईच्या कामांचा आमचा अनुभव थोडक्यात सांगता येईल. पडद्यावर झगमगणारी निळी-जांभळी जादुई प्रभा छपाईच्या चार शाईंत मलूल होते, म्हणून छपाईचे काम असेल तेव्हा आम्ही प्रभेभोवतालचा भाग अधिक गडद करतो. पटावरील खेळांच्या छोट्या मूर्तींसाठी याउलट सगळे जाड करावे लागते; साधारण ३० मिलिमीटर उंचीच्या योद्ध्याच्या हातात प्रमाणशीर पाते दिले तर ते साच्यातून निघतानाच मोडते.

व्यवहारही हळूहळू नीट बसला. छायाकृती (तपशिलांशिवाय केवळ बाह्य आकार दाखवणारे एकरंगी चित्र), रेखाटन आणि रंगकाम असे टप्पे करारात लिहिलेले असतात. रेखाटन मंजूर झाल्यावर छायाकृती बदलायची असल्यास त्याचे वेगळे मानधन लागते. गेम प्रकाशित झाल्यानंतर चित्रे आमच्या कामाचे नमुने म्हणून दाखवण्याचा हक्कही आम्ही लेखी मागतो, कारण गोपनीयतेच्या अटीमुळे वर्षानुवर्षे केलेले काम दाखवता न येणे हे लहान स्टुडिओला परवडत नाही. चित्रे तयार करणारी यंत्रप्रणाली आल्यापासून झटपट मुखपृष्ठांची मागणी घटली आहे. जोडणी समजावून सांगणाऱ्या आराखड्यांची मागणी मात्र टिकून आहे.

अलीकडे पोशाख घडवणाऱ्यांकडून कामे येऊ लागली आहेत. तेथे आमचे चिलखत फोममधून कापून एका जिवंत माणसाच्या अंगावर चढते, आणि त्याला बसणे, जिना चढणे, पाणी पिणे हे सारे त्यातच करावे लागते. त्यामुळे आता प्रत्येक पत्र्याचे सपाट कापणीचे माप, बक्कल कोणत्या हाताने लावता येईल याची नोंद आणि घालण्याचा क्रम असे तीन जादा कागद आम्ही देतो. क्रम पायांपासून वर जातो. पायांचे पत्रे, मग धड, मग हात आणि शिरस्त्राण सर्वांत शेवटी.