तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या कपाटातला चेस

घरी आलेलं माणूस पुस्तकांच्या कपाटापाशी थांबतंच. वरच्या कप्प्यात ज्ञानेश्वरी, तुकारामाची गाथा, मर्ढेकर. सगळ्यांत खाली जेम्स हॅडली चेस या इंग्रज लेखकाच्या गुन्हेगारी कादंबऱ्या, ओळीनं. मग तो प्रश्न येतो, "मॅडम, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलंत ना? मग हे कशाला?" इतकी वर्षं मी "वडिलांची आहेत हो" असं सांगून विषय संपवत आले. ते खोटं आहे. वडिलांकडची मी रद्दीत घालायला लावली. ही, एक सोडून, मी मागाहून, अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांतून एकेक करून जमवली आहेत.

शनिवार पेठेत वाड्याच्या दर्शनी खोलीत बाबांची लायब्ररी होती. अर्नाळकर, सुहास शिरवळकर, दिवाळी अंक आणि एका फळीवर चेस. त्याच्या मुखपृष्ठांवर अर्धवट कपड्यांतल्या बायका असत, म्हणून बाबा प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालत आणि पाठीवर शाईनं नुसता नंबर टाकत. ज्याला हवं तो नंबर सांगून घेऊन जाई.

1985 साली मी कॉलेजात होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत चेस गेला होता, पण मला त्याचं काही नव्हतं. माझ्या हाती जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाचा 1944 चा लेख पडला होता. चेसची पहिली कादंबरी, 1939 मधली 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश', त्यानं त्यात फाडून काढली आहे. एका मुलीला पळवतात, मारहाण करतात, औषधं देऊन तिच्यावर अत्याचार करतात. त्यातली क्रूरता आणि सत्तेची भूक त्यानं उघडी केली आहे. मी पेटून उठले.

एका रविवारी लायब्ररीत चार-पाच सभासद असताना मी बाबांना म्हणाले, "बाईची अशी विटंबना करणारी पुस्तकं भाड्यानं देता आणि त्याच पैशांत माझी फी भरता?" बाबा काहीच बोलले नाहीत. दुपारी त्यांनी ती फळी रिकामी केली. जमिनीवर बसून प्रत्येक पुस्तकाचं खाकी कव्हर काढलं, हातानं सपाट केलं, एकावर एक रचून ठेवलं. कव्हरं पुन्हा वापरता येणार होती. उघडी पुस्तकं रद्दीवाल्याच्या तागडीत गेली. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं. त्या दुपारी बाबांचा चेहरा कसा होता, ते मला आठवत नाही. मी बघितलाच नसणार.

पुढच्या आठवड्यात खडकीच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एक सभासद आले. त्यांच्याकडे एक चेस राहिला होता, तो परत करून त्यांनी पुढचा नंबर सांगितला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "ती पुस्तकं आता ठेवत नाही. काहीतरी चांगलं वाचा ना." ते म्हणाले, "ताई, मला हेच थोडंथोडं कळायला लागलं होतं." डिपॉझिट न मागता गेले. परत आले नाहीत.

ते पुस्तक मी रात्री उघडलं. समासात बारीक पेन्सिलीनं मराठी अर्थ होते. स्लग, गोळी. हूडलम, गुंड. डेम, बाई. पहिल्या पानांवर गर्दी, पुढे पुढे विरळ.

चेसबद्दल मी नंतर वाचलं. लंडनचा माणूस, घरोघरी मुलांचे ज्ञानकोश विकलेला, मग पुस्तकांच्या ठोक व्यापारात. अमेरिकेत न राहता नकाशे आणि तिथल्या बोलीचे कोश पुढ्यात घेऊन त्यानं अमेरिकेतले गुंड उभे केले. एक माणूस कोश घेऊन लिहीत होता आणि दुसरा, खडकीला, कोश घेऊन वाचत होता. मधे मी उभी राहिले.

तरी तेव्हाच्या मला, कॉलेजातल्या त्या मुलीला, मी सरसकट चूक म्हणणार नाही. मिस ब्लँडिशची ती पानं मला आजही वाचवत नाहीत. 1942 मध्ये त्याच्या दुसऱ्या एका कादंबरीला अश्लीलतेबद्दल कोर्टानं दंड केला होता. रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकाराचा मजकूर उचलल्याबद्दल त्याला जाहीर माफी मागावी लागली होती. हे सगळं मला ठाऊक आहे, कुणी नव्यानं सांगायला नको. पण त्याच लेखात ऑरवेल म्हणतो की हे लेखन अत्यंत कसदार आहे, त्यात क्वचितच एखादा शब्द वाया गेला आहे. ते वाक्य मी तेव्हाही वाचलं होतं. बाबांसमोर बोलताना गाळलं. माझा राग त्या मुलीवर आहे तो एवढ्यासाठी. आणि बाईच्या विटंबनेचं म्हणाल, तर ज्यांना आपण खुशाल वरच्या कप्प्यात ठेवतो त्यांच्याकडे ती कमी आहे का? हे मी वर्गात कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ते अजून ठरत नाही.

बाबांशी यावर पुन्हा बोलणं झालं नाही. ती खाकी कव्हरं त्यांनी माझ्या एम.ए.च्या पुस्तकांना घातली.

तुम्ही हात लावलात ते शेवटचं, फाटक्या पाठीचं पुस्तक त्या सभासदांनी परत केलेलं. त्यात एका पानावर 'पॅट्सी' या शब्दाखाली रेघ आहे आणि समासात नुसतं प्रश्नचिन्ह. अर्थ मला माहीत आहे, सहज फसवला जाणारा माणूस. तिथे लिहावासा वाटत नाही.