आमची वाटचाल : "ताई, सुटणार किती वाजता?"

माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती, वडीलही गिरणीतच. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या घराघरांतला पगार थांबला. आमच्या लालबागच्या खोलीत आईने शिवणयंत्र मांडलं, दादरच्या एका दुकानासाठी परकर शिवायला घेतले. त्या परकरांवर आम्ही दोघी बहिणी शिकलो.

2012 साली मी काळाचौकीला भाड्याचा गाळा घेतला. चार मशिनी, हॉस्पिटलच्या चादरी-अभ्र्यांचं जॉबवर्क. दारावर पाटी लावली : 'शिलाईसाठी महिला पाहिजेत, वेळ 9 ते 6.' आठवड्याभरात एकोणीस जणी चौकशी करून गेल्या, टिकल्या दोन. पगाराआधी प्रत्येकीचा प्रश्न एकच, "ताई, सुटणार किती वाजता?" यांना कामाची गरज नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ती माझी मोठी चूक होती.

समोरच्या चाळीतल्या एका बाईने ती दाखवून दिली. पहाटे साडेचारला पाणी भरायचं, मुलगा सकाळच्या शाळेत, मुलगी दुपारच्या, सासूबाईंना जेवणाआधी इन्सुलिन. "काम मला पाहिजेच आहे हो. पण साडेबाराला मी शाळेच्या गेटवर नसले तर पोरगा रस्त्यावर."

मग पाटी बदलली. 8 ते 12 आणि 1 ते 5, एका मशीनवर दोघी. फक्त बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, प्रत्येकीची वेगळी, कारण दोऱ्याचा ताण जिच्या-तिच्या हाताला बसलेला असतो. दुसरीने स्क्रू फिरवला की टाका बिघडतो. महिन्याभरात सगळ्या मशिनी दोन्ही वेळा भरल्या.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. अर्जावरचा मोबाइल नंबर बहुतेकींच्या नवऱ्याचा असायचा. फोन केला की तिकडून उत्तर, "ती नाही येणार." तिला विचारलंय का, हे कोण सांगणार? तेव्हापासून आम्ही निरोप शेजारणीकडून पाठवतो आणि पगार तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातच भरतो. खातं नसेल तर मी सोबत बँकेत जाते.

2018च्या जूनमध्ये प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी अमलात आली आणि कापडी पिशव्यांच्या ऑर्डरी वाढल्या. नऊच्या सव्वीस जणी झालो. ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची कार्डं निघाली, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमली. ईएसआयच्या कार्डामुळे आमच्यातली एक जण 26 आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा घेऊन पुन्हा तिच्याच मशीनवर येऊन बसली. तो दिवस मी विसरणार नाही.

2020 कठीण गेलं. गाळा बंद, म्हणून मशिनी टेम्पोने घरोघर पोचवल्या आणि मास्क शिवले. एका मोठ्या गिऱ्हाइकाने तीन महिने पैसे अडकवले. पाटल्या गहाण ठेवून पगार केले. शिलाई झालेली असताना बाईला "थांब" म्हणणं मला जमलं नसतं.

दर जूनला शाळांच्या वेळा कळल्या की आमच्या पाळ्या नव्याने लागतात. यंदा चौघींनी 5 ते 8 अशी तिसरी पाळी मागितली आहे. नवरे कामावरून आले की मुलं त्यांच्याकडे राहतील, असं घरी ठरवूनच आल्या. संध्याकाळी गाळा उघडा ठेवण्याबद्दल मालकांशी बोलणं चालू आहे.