पाळलेली आज्ञा

मराठीत आज्ञा पाळतात आणि शेळ्याही पाळतात. संडे स्कूलमध्ये बायबलातल्या दहा आज्ञा पाठ करताना लहानपणी मला या शब्दाचे मोठे नवल वाटे. आमच्या दारात आजीची एक करडी शेळी बांधलेली असे, आणि ‘आज्ञा पाळावी’ म्हणजे तीही अशीच दाव्याला बांधून ठेवायची असावी, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे शिक्षकांनी हसून ती समजूत घालवली. आता पन्नाशी ओलांडल्यावर मात्र मला वाटते की त्या बाबतीत शिक्षकांपेक्षा माझेच बरोबर होते.

‘माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल,’ असे योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, आणि त्याच शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, समुद्रकाठी न्याहारी आटोपल्यावर, तो पेत्र या शिष्याला ‘माझी मेंढरे पाळ’ म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये ही दोन क्रियापदे निराळी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ती एकाच शब्दात येऊन बसली, आणि मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या भाविकांची, राखण करणाऱ्यालाही आपण पाळकच म्हणतो. भाषांतरकारांच्या मनात हे होते की नाही, देव जाणे. मला मात्र या योगायोगाने बरेच शिकवले. शेळी एकदा विकत आणली म्हणजे ती ‘पाळली’ असे होत नाही. तिला सकाळी सोडायची, दुपारी पाणी दाखवायचे, पावसात आत घ्यायची, आणि घरात लग्न असो की मयत, संध्याकाळी तिच्यापुढे चारा टाकायचाच. वेळ पाळतात, पथ्य पाळतात, दिलेला शब्द पाळतात. या सगळ्यांत रोजची हजेरी आहे. (अपवाद फक्त ‘बंद पाळणे’ याचा, आणि त्यात पाळणाऱ्यापेक्षा पाळायला लावणाऱ्याचाच हात मोठा असतो.)

आजी राहुरीकडची. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या बऱ्याच घरांत ख्रिस्ती धर्म अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांमधून आला, आणि येताना त्याने घरातला जुना ‘नेम’ हा शब्द टाकून दिला नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पुलावरून माणूस येतो तेव्हा गाठोडेही येते. टिळकांच्या गाठोड्यात अभंग आणि कीर्तन आले. आजीच्या पिढीच्या गाठोड्यात नेम आला. संध्याकाळी दिवा लागला की टिळकांचे एखादे गीत, मग शास्त्राचा एक उतारा, मग प्रार्थना, आणि प्रार्थना संपल्यावर घरातल्या प्रत्येकाला ‘सलाम’. या क्रमात कोणाला काही विशेष केल्यासारखे वाटत नसे. चूल पेटवताना आपण काही विशेष करतो आहोत, असे कुठे वाटते?

पण आजीचा ज्याला मी खरा नेम म्हणेन, तो महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी असे. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, होई. त्याच्या आदल्या दिवशी, उन्हे कलली की आजी एक लहानशी वाटी घेऊन, डोक्यावरचा पदर सारखा करून, धाकट्या जावेच्या घरी जाई. आजी आणि तिची ही जाऊ यांचे फार जमत असे म्हणता येणार नाही. बांधावरची बाभूळ, पाण्याची पाळी, एकीच्या कोंबड्यांनी दुसरीचे वाळवण विसकटणे, असे काही ना काही महिन्याभरात साठलेले असेच. दारात उभी राहून आजी म्हणे, “विरजण आहे का गं?” जाऊ काही न बोलता आत जाई, वाटीत चमचाभर दही घालून आणी, आणि मग ‘कढी करणार का’, ‘लेकीचे पत्र आले का’ अशी दोन वाक्ये होत. बाभळीचा विषय निघत नसे. माफी हा शब्द तर मी दोघींच्याही तोंडून कधी ऐकला नाही.

एकदा मी बरोबर होतो. पाच-सहा वर्षांचा असेन. जाऊ वाटी घेऊन आत वळणार, तेवढ्यात मी अंगणात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, “आजी, आपल्या घरी दह्याचं गाडगं भरलंय की!” आजीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो दोन दिवस निळा होता. जाऊ उंबऱ्यातच थबकली. तिने आजीकडे पाहिले, आजीने बाभळीकडे पाहिले, आणि मग जाऊ जी हसत सुटली ती पदर तोंडाला लावून खालीच बसली. त्या दिवशी आम्ही तिथेच चहा प्यालो, आणि चमचाभर नव्हे, चांगली वाटीभर दह्याची कवडी घेऊन घरी आलो. दोघींनाही सगळे माहीत होते. विरजण कशासाठी मागितले जाते हे जावेला, आणि ते तिला माहीत आहे हे आजीला, बहुधा पहिल्या महिन्यापासून ठाऊक होते.

फार उशिरा, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय समजून वाचण्याच्या वयात आल्यावर, मला या वाटीचा उगम सापडला. वेदीपाशी अर्पण आणले आणि तिथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तसेच ठेवून आधी जाऊन समेट कर, अशी ती आज्ञा आहे. तिच्यातली एक बारीक गोष्ट वाचताना निसटते. माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे का, हे तिथे विचारलेले नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, एवढाच प्रश्न आहे. बरोबर कोण याचा निकाल लागेपर्यंत थांबायची त्यात सोयच ठेवलेली नाही. आजीला हे सगळे असे मांडून सांगता आले नसते. तिने त्या आज्ञेला घरात जागा दिली, तिची वेळ ठरवली, तिच्यासाठी एक वाटी ठेवली, आणि ती पाळली. एकदा मी तिला विचारले, तू इतक्या वेळा कमीपणा घेतलास, तुला त्याचे कधी काही वाटले नाही का. ती म्हणाली, “ते काय मोजायचं असतंय व्हय? शनवार आला की जायाचं.”

आता माझे सांगतो. माझ्या मोबाईलमध्ये शास्त्रवाचनाचे एक अॅप आहे. वर्षभरात सगळे शास्त्र वाचून काढण्याची योजना त्यात आखून दिलेली आहे, आणि सलग किती दिवस वाचले याचा आकडा ते रोज दाखवते. एका जानेवारीत मी हा आकडा अकरापर्यंत नेला. बाराव्या दिवशी प्रवासात राहून गेले, आकडा शून्यावर आला, आणि त्या शून्याचे मला इतके वाईट वाटले की मी पुढे महिनाभर ते अॅप उघडलेच नाही. शेळीला एक दिवस चारा घालायचा राहिला, म्हणून तिला महिनाभर उपाशी ठेवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

मग मी लहान काहीतरी धरायचे ठरवले, आणि अविचाराने जे धरले ते सर्वांत अवघड निघाले. येशूची ती आज्ञा अशी: ‘तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे.’ मला वाटले होते, मी काही खोटे बोलणारा माणूस नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाने असे स्वतःविषयी बोलण्यापूर्वी एक दिवस आपले फोन ऐकावेत. पहिल्याच सकाळी मित्राचा फोन आला, “कुठे आहेस?” मी पायात एकच मोजा घालून पलंगावर बसलो होतो, आणि तोंडातून निघाले, “आलोच, चौकात आहे.” विचार करून बोललेले ते खोटे नव्हतेच, ती जिभेची नुसती सवय होती, आणि म्हणूनच मी चरकलो. अवज्ञा माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की तिला आता माझ्या परवानगीचीही गरज उरली नव्हती. येशूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यात बाप मळ्यात जाऊन काम करायला सांगतो. एक मुलगा ‘जात नाही’ म्हणतो आणि मागाहून पस्तावून जातो, दुसरा ‘जातो, महाराज’ म्हणतो आणि जात नाही. हा ‘जातो, महाराज’ म्हणणारा आपल्या ‘आलोच’चा मूळपुरुष असावा. नम्रता आहे, तत्परता आहे, फक्त माणूस पलंगावर आहे.

त्यानंतर कित्येक दिवस मी फोनवर खरे ठिकाण सांगत राहिलो. “अजून आंघोळ व्हायची आहे” हे वाक्य मोठ्या माणसाला उच्चारणे किती जड जाते, ते केल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी एक क्षण थांबून जीभ मागे घ्यावी लागे. ऐकणाऱ्याला वाटे रेंज गेली. हळूहळू ती थांबण्याची जागा लहान होत गेली. नाहीशी झाली, असे मात्र या लेखात लिहिता येणार नाही, कारण होय तर होय.

सवय म्हटली की आपल्याला शंका येते की मग त्यात मन राहत नाही, सगळे यंत्रासारखे होते. ही शंका खोटी नाही. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश मोजून देणाऱ्या आणि न्याय, दया, विश्वास बाजूला ठेवणाऱ्या परूश्यांवर, त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथावर, येशू कडाडला होता. पण जिरे मोजू नका, असे तो म्हणाला नाही. ते न सोडता हे करायचे होते, असे म्हणाला. त्याचे स्वतःचे वागणेही नेमाचेच होते. नासरेथात तो शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुदी लोकांच्या विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात गेला, तेव्हा शुभवर्तमानकार लूक लिहितो की ‘आपल्या परिपाठाप्रमाणे’ गेला. परिपाठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेचे मैदान, प्रार्थना आणि सुविचाराचा फळा येतो. गालिलातल्या त्या सुताराचाही दर आठवड्याला परिपाठ होता, हे वाचून मला फार आपलेसे वाटले. त्याच लूकाच्या बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनानंतर, तो जैतुनांच्या डोंगराकडे जातो, तेही नेहमीच्या रीतीप्रमाणे. त्याला पकडून देणाऱ्या यहूदाला ती जागा माहीत होती, कारण येशू आणि शिष्य तिथे पुष्कळदा जमत, असे योहान सांगतो. त्या रात्री त्याने दुसरीकडे कुठे जायचे ठरवले असते तर शिपायांना मशाली घेऊन सारे डोंगर पालथे घालावे लागले असते. जुन्या करारातल्या दानिएलाचेही तेच. प्रार्थनेवर राजाचा मनाईहुकूम निघाल्यावर तो घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या होत्याच, आणि पूर्वीप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकू लागला. पाळत ठेवणाऱ्यांना फार वाट पाहावी लागली नाही. नेमाचा माणूस नेमका सापडतो.

आणि जैतुनांच्या डोंगरापाशी ज्या बागेत येशू सापडला, तिथेच ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे सर्वांत अवघड आज्ञापालन झाले. ते वाक्य त्याला घाम गाळून बोलावे लागले; सवयीने ते सोपे झाले, असे कोणी म्हणू नये. पण ज्या जमिनीवर तो त्या रात्री पालथा पडला, ती त्याच्या गुडघ्यांच्या ओळखीची होती. अवघड रात्री नवी जागा शोधण्याचे त्राण कोणात असते? पाय रोजच्या वाटेनेच जातात.

मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांतल्या बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळा काढून ठेवतात. ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला. त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांची कितीतरी कामे चालतात. मला यात दानापेक्षा ‘प्रत्येक वेळी’ या दोन शब्दांचे अप्रूप आहे. भूक लागते तितक्या वेळा देव आठवतो, अशी ही व्यवस्था आहे.

आमच्या फ्लॅटमध्ये शेळी नाही, जाऊ शेजारी राहत नाही, आणि दही प्लास्टिकच्या डब्यातून येते. पण मला एक भाऊ आहे. वडिलांच्या आजारपणातल्या खर्चाच्या हिशेबावरून आमचे दोन वर्षे बोलणे नव्हते. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, हे आठवून पाहण्याची मला गरज नव्हती. ते त्याने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवले होते. दर महिन्याला मी प्रभूभोजनाला बसे, भाकर आणि प्याला घेई, आणि आजीची वाटी आठवून तोंडात घास फिरे. गेल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, उन्हे कलायच्या सुमारास, काय बोलायचे ते न ठरवताच मी त्याला फोन लावला. तीन-चार घंटा वाजल्या. तो काही विचारण्याआधी मीच म्हणालो, “येऊ का घरी?”

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, “कुठपर्यंत आलायस?”

‘चौकात आहे’ हे शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे होते. ते गिळून मी म्हणालो, “घरीच आहे अजून. कपडे बदलायचेत. निघायला अर्धा तास लागेल.”

“मग आत्ताच कशाला फोन केलास?” तो म्हणाला. “निघाल्यावर करायचा.”

मी कपाटातून शर्ट काढला.