नव्या सदऱ्याला म्हातारं करताना

मालवणात आम्ही बसवत असलेल्या नाटकात एक म्हातारा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं (रापण) ओढणारा मच्छीमार आहे. नटाच्या मापाचे जुने कपडे मिळेनात, म्हणून निळा सुती सदरा आणि खाकी चड्डी नवी शिवली. ती जुनी दिसायला लावायचं काम मी हौसेने मागून घेतलं.

सुरुवात किनाऱ्यावर केली. रापण ओढणाऱ्यांचे सदरे निरखून पाहिले. कपडा सगळीकडे सारखा जुना होत नाही, हे तिथे लख्ख कळतं. खांदे आणि पाठ उन्हाने विटते. कॉलरीखाली आणि काखेत मूळ रंग तसाच राहतो. विरतं ते कोपरावर, खिशाच्या तोंडाशी, बाहीच्या काठाला.

घरी आल्यावर कपडे सोड्याच्या गरम पाण्यात उकळून खळ काढली. खळ राहिली तर पुढचं काहीच सारखं मुरत नाही. मग सदरा नटाच्या अंगावर चढवला, त्याला दोर ओढल्यासारखं वाकायला लावलं आणि चुण्या पडल्या तिथे खडूने खुणा केल्या. कोपराच्या जागी आत करवंटी धरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, सपाट भागावर २२० नंबरने. काठ मात्र अंगणातल्या जांभ्या चिऱ्यावरच घासले. चिऱ्याची खडबड सारखी नसते, त्यामुळे दशा अगदी खऱ्यासारख्या निघतात.

खांदे आणि पाठ विटवायला ब्लीच लावलं. ते नेहमी उघड्यावर, हातमोजे घालून, आतल्या शिवणीच्या कापडावर आधी करून बघावं. ओलं कापड गडद दिसतं, म्हणून हवा तो रंग येण्याआधीच थांबायचं. भरपूर पाण्याने धुऊन, कापडात उरलेलं ब्लीच निकामी करायला मी औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पाणी घालून वापरलं. ब्लीचवर व्हिनेगर कधीच ओतू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. टेरिकॉटवर ही मेहनत वाया जाते. त्यातल्या पॉलिस्टरचा रंग ब्लीचला दाद देत नाही.

पुन्हा स्वच्छ धुऊन वाळवल्यावर कडक चहाच्या पाण्यात बुडवलं. गंजके खिळे व्हिनेगरात मुरवून ठेवले होते, ते पाणी ब्रशने काठांना लावलं. चहातल्या टॅनिनला लोखंड भेटलं की करडा-काळा डाग उमटतो, अगदी वर्षानुवर्षांच्या मळासारखा.

तालमीत मागच्या रांगेतून पाहिलं, तर दिव्यांखाली सगळं पुसट. घरी आणून खांदे आणखी उतरवले, काठ आणखी काळवंडवले. जवळून भडक दिसतं, पण शेवटच्या खुर्चीवरून आता तो रापणकर वाटतो.