हुश्श

मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी लाइट गेली की आधी पंखा थांबतो, मग मागच्या गल्लीतले यंत्रमाग. पंख्याचं वाईट वाटतं, मागांचं नाही. परवा तसंच झालं आणि शेजारच्या ओसरीतली गुणगुण ऐकू आली. अम्मा विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, हात चालू, तोंड मिटलेलं आणि नाकातून नुसतं लांबलचक ‘म्म्म’. गाणं म्हणावं तर ना तेलुगू, ना मराठी.

हल्ली याचेच क्लास निघालेत. हठयोगप्रदीपिकेत भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायची भ्रामरी आहेच. श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडणं लांबवायचं. हे काम ज्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं, त्याच्याच फांद्या स्वरयंत्राला जातात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली मोजलं, तर गुणगुणताना नाकातून नायट्रिक ऑक्साइड हा रक्तवाहिन्या सैल करणारा वायू नुसत्या उच्छ्वासाच्या १५ पट बाहेर पडला. पण दिवसभर तंबाखूची धूळ नाकात घेत हजाराच्या हिशेबानं विड्या वळणाऱ्या बाईला नाकातल्या वायूचं कौतुक कुठल्या तोंडानं सांगायचं?

आमची आजी बसताना ‘हुश्श’ करायची आणि उठताना ‘शिवशिव’. एकदाच ‘शिव’ आलं तर गुडघा, तीनदा आलं तर कंबर, हे आईला स्वयंपाकघरात बसून कळायचं. मग न सांगता तिळाचं तेल कोमट व्हायचं. आम्ही पोरं तिच्या मागून तसंच कण्हत उठायचो आणि धपाटे खायचो. आता कुणी धपाटा घालत नाही. मी खुर्चीतून उठतानाही कण्हतो.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत बाबा मला खांद्यावर घ्यायचे. सातही नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, डुलत यायचे, बाराबंदीतली माणसं पुढं सरकायची आणि एकच गजर व्हायचा, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!’ त्या शेवटच्या ‘हर्र’ला अख्ख्या रस्त्याची छाती रिकामी व्हायची. बाबांच्या मानेतली थरथर माझ्या मांड्यांना लागायची. एरवी बाबा घरात फारसं बोलत नसत. मिलमधल्या खडखडाटात खुणांनी बोलायची सवय जडलेली. घरीही मीठ हवं असलं की दोन बोटं चोळून दाखवायचे. तेवढं एक ‘हर्र’ मात्र पोटापासून.

मुलीनं माझ्या मोबाइलमध्ये एक अॅप घालून दिलंय. त्यातल्या बाई फार गोड आवाजात ‘आता सोडा’ म्हणतात, तोवर माझा श्वास कधीच सुटलेला असतो. मग त्यांच्याखातर पुन्हा घ्यायचा. बाहेर चव्वेचाळीस अंश, मानेवर घामाच्या धारा, आणि ह्या म्हणतात, ‘कपाळ सैल सोडा.’ सरतेशेवटी त्या ‘कसं वाटतंय?’ असं विचारून पाच चेहरे दाखवतात. उकडतंय असा चेहरा त्यात एकही नाही. मी आपला मधला दाबतो.